गूगलवरून लोक थेट पीडीएफवर उतरतात, त्यांना आधी वेबसाइटच्या पानावर कसं आणायचं?

तुमची अडचण मी अशी समजलो: वाचनालयाच्या वेबसाइटवर जुन्या दिवाळी अंकांच्या पीडीएफ आहेत. गूगलवरून येणारा माणूस थेट फाइल उघडतो, वाचतो आणि निघून जातो. बाकीचे अंक, सभासदत्वाचं पान, काही म्हणजे काही बघत नाही. म्हणून ते फोल्डर रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये बंद करावं का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू. एका संस्थेच्या साइटवर मी तेच करून बसलो होतो. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही दारावरची 'आत येऊ नये' पाटी आहे. गूगलचा बॉट (साइटी वाचत फिरणारा प्रोग्राम) आत येत नाही, पण दुसऱ्या कुणी त्या फाइलची लिंक दिली असेल तर पत्ता त्याला कळतोच, आणि नुसता पत्ता निकालात दाखवायला त्याला आडकाठी नसते. आमच्या फाइली निकालात तशाच राहिल्या, फक्त खालचं वर्णन गेलं.

हवं ते करतो नोइंडेक्स, म्हणजे 'हे निकालात दाखवू नका' अशी सूचना. साध्या पानाच्या एचटीएमएलमध्ये तो मेटा टॅगने देता येतो, पीडीएफमध्ये तशी जागाच नाही. म्हणून सर्व्हरने फाइल पाठवताना सोबत एक्स-रोबोट्स-टॅग नावाचा हेडर (वाचकाला न दिसणारी, फाइलीबरोबर जाणारी टीप) पाठवायचा आणि त्याची किंमत नोइंडेक्स ठेवायची. तुमचा सर्व्हर अपाची किंवा लाइटस्पीड या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर सेटिंगच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये 'नावाच्या शेवटी पीडीएफ असलेल्या सगळ्या फाइलींना' अशी अट घालून दोन-तीन ओळींत होतं. एनजिनएक्स हे सर्व्हर सॉफ्टवेअर ती फाइल वाचत नाही, तिथे होस्टिंगवाल्याला सांगा. नंतर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये हेडर खरंच येतोय का ते बघा. आणि रोबोट्समधली बंदी काढा. बॉट दारातूनच परत गेला तर हा हेडर वाचणार कोण? निकालांतून फाइली जायला काही आठवडे लागू शकतात. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनातून लगेच काढता येतात, पण ते साधारण 6 महिन्यांपुरतंच, तेवढ्यात हेडर लागलेला हवा.

आता याचा तोटा. नोइंडेक्स केलेल्या पीडीएफमधला मजकूर शोधात सापडत नाही. एखाद्या कथेचं नाव टाकून शोधणारा वाचक तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. पण आपल्याकडे एक गंमत आहे. पीडीएफ उघडून एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जुने अंक श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लावलेले असतील तर बहुधा मराठीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा उमटेल. गूगललाही तोच कचरा दिसतो. अशा फाइली झाकून तुम्ही फारसं काही गमावत नाही. प्रत्येक अंकासाठी एक पान करा: मुखपृष्ठ, संपादक, वर्ष आणि संपूर्ण अनुक्रमणिका, लेखकांच्या नावांसकट, युनिकोडमध्ये टाइप केलेली. कंटाळवाणं काम आहे, पण वाचक आणेल तर हीच अनुक्रमणिका. उलट पेस्ट केल्यावर नीट मराठी आली, तर मी त्या फाइली झाकणार नाही.

कॅनॉनिकल हेडरचा, म्हणजे 'या फाइलीऐवजी ते पान मुख्य समजा' असं गूगलला सांगण्याचा, सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. पीडीएफमधलाच मजकूर पानावरही असेल तर तो उत्तम. पानावर नुसती अनुक्रमणिका आणि फाइलमध्ये 200 पानं असतील तर गूगल तो बहुधा मनावर घेणार नाही.

तिसरी युक्ती, गूगलवरून आलेल्याला रेफरर (तो कुठल्या साइटवरून आला ते) ओळखून पानाकडे वळवायचं. मी हीही करून पाहिली. घाईत 301 (कायमचं वळवणं) लावलं. ब्राउझरने ते लक्षात ठेवलं, आणि पानावर येऊन 'डाउनलोड' दाबणारा माणूस पुन्हा त्याच पानावर! दाबा, परत तेच पान. 302 (तात्पुरतं वळवणं) लावलं असतं तर हा घोळ टळला असता, पण मूळ दुखणं राहतंच: बॉटला फाइल दाखवायची आणि माणसाला पान, हे गूगलला फसवणुकीसारखं दिसू शकतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्यांना याचा काहीच उपयोग नाही.

सभासदांच्या याद्या, फोन नंबर असलं काही त्या फोल्डरमध्ये असेल तर आजच काढा किंवा पासवर्डमागे ठेवा. नोइंडेक्स म्हणजे कुलूप नव्हे.

शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त: प्रत्येक पीडीएफच्या पहिल्या पानावर अंकाच्या पानाची लिंक टाका, दाबता येईल अशी. आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं शीर्षक बदला. ज्या फाइली निकालात ठेवाल, त्यांच्या नावाच्या जागी गूगल कधी कधी तेच उचलतं, आणि आमच्याकडे तिथे डीटीपी करणाऱ्याने ठेवलेलं 'फायनल फायनल 2' होतं.