आजोबांच्या घडीच्या कोडॅकच्या पाठीवर बारीक झडप आणि धातूची काडी आहे. कॅमेरा किती सालचा?

हा ऑटोग्राफिक कोडॅक. १९१४ ते १९३०च्या दशकाची सुरुवात, एवढ्या काळातला. झडप उघडून त्या काडीने फिल्ममागच्या कागदावर तारीख, ठिकाण लिहायचं, की ते निगेटिव्हच्या कडेला उमटायचं (कल्पना झकासच!). त्यासाठीची खास फिल्म १९१४ साली आली आणि १९३०च्या दशकात बंद झाली. मॉडेलचं नाव, फिल्मचा नंबर आणि पेटंटच्या तारखा बहुतेकदा पाठ काढल्यावर आत किंवा स्टँडच्या पट्टीवर सापडतात. त्यातली सर्वांत अलीकडची तारीख धरा: कॅमेरा तिच्याआधीचा नाही, नंतरचा खुशाल असेल. मात्र ऑटोग्राफिक पाठ सुटीही विकली जायची, त्यामुळे १९१४पूर्वीच्या कॅमेऱ्यावरही ती दिसू शकते.