राग लेकरावरच का निघते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. वावरात कापूस आणि हरभरा, सध्या वेचणीचे दिवस. थ्रीफेज लाईन रात्री येते, म्हणून नवरा रात्रभर ओलिताला. सकाळी तो घरी आला की पैशांवरून दोघांचा खटका उडतो. वेचणीला बाया मिळत नाहीत, रानडुकरं हरभऱ्यात शिरतात, आणि कापसाला भाव काय निघेल या विचारानं रात्री डोळा लागत नाही. परवा चौथीतल्या मुलाच्या हातून दुधाचा गंज लवंडला आणि ताईंनी त्याला झोडपलं. "मले समजते, पोराची काही चूक नाही, पण हात उठूनच जाते," असं त्या लिहितात. मैत्रीण म्हणते ध्यान कर. वेळ कुठून आणू, असं त्या विचारतात.

ताई,

ध्यानाचं नंतर बघू. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: पहाटे चारला उठते, चहा घेते, मग वावरात शिदोरी सुटेल तेव्हाच जेवते. मुलाला मारलं ते साडेआठला. झोप अपुरी, पोटात नुसता चहा आणि साडेचार तासांचं राबणं! अशा वेळी कोणाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही. आणि लाईनीवर ओरडता येत नाही, डुकरांवर येत नाही, अडत्यावर तर नाहीच. पोरगं समोर असतं, उलटून बोलत नाही, म्हणून सगळं त्याच्यावर निघतं.

तेव्हा उद्यापासून तव्यावरची पहिली भाकर तुम्ही खा, ठेच्याशी का होईना. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर बाईनं खायचं ही रीत मला कधीच पटली नाही. वेचणी संपेपर्यंत तरी ती मोडा.

हात उठायच्या आधी अंग सांगत असतं. कानशिलं तापतात, दात आवळले जातात. तेवढ्यात तिथून उठा, गोठ्याकडे जा, तोंडावर पाणी मारा. श्वास घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ लावून सोडा, सातआठ वेळा. लांब सोडलेल्या श्वासानं छातीचे ठोके खरंच मंदावतात. मुलाला आधीच सांगून ठेवा, की आई अशी बाहेर गेली तर मागे यायचं नाही. परवाच्या माराबद्दलही त्याला जवळ घेऊन सांगा, चूक माझी होती. सासूबाई हसल्या तर हसू द्या.

रात्रीच्या काळज्या मुलाच्या जुन्या वहीत लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे उद्या काय करता येईल ते लिहा. डुकरांनी नासधूस केली असेल तर वनविभागाकडे तीन दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो, आणि हे काम नवरा दिवसा करू शकतो. कापसाचा भाव तुमच्या हातात नाही, ओलावा मात्र थोडाफार आहे. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस खरेदी करणारं महामंडळ, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, पुढे १२ टक्क्यांपर्यंत पैसे कापते आणि त्यावर घेतच नाही. म्हणून दव उडाल्यावरच वेचा, घरी आणलेला कापूस उन्हात पसरा. ज्या काळजीपुढे काहीच लिहिता येणार नाही, ती तशीच राहू द्या. वही मिटली की निदान ती परत परत पाठ करावी लागत नाही.

नवऱ्याशी पैशांचं बोलणं सकाळी काढू नका. रात्रभर पाण्यात उभा राहिलेला माणूस आणि उपाशी बाई यांच्यात कोणताच हिशेब जुळत नसतो. संध्याकाळी तो लाईनीसाठी निघायच्या आधी बोला.

आता ध्यान. गावात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर जमेल त्या संध्याकाळी जाऊन बसा. चार लोकांच्या सुरात सूर मिळवला की श्वास आपोआप लांबतो, शिवाय तेवढा वेळ कोणी काम सांगत नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नका. दोन आठवडे झोप नाही, जेवणात मन नाही, किंवा जगण्यात काही राहिलं नाही असं तुमच्या वा नवऱ्याच्या तोंडून निघालं, तर त्याच दिवशी १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. पैसे लागत नाहीत, रात्रीही फोन उचलतात, मराठीत बोलता येतं. नवरा एकटाच रात्री वावरात असतो, म्हणून हा नंबर त्याच्याही मोबाईलमध्ये टाका.

सासूबाईंबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात आणि त्यातली एक खोडलीत. ती खोडलेली ओळ मला वाचता आली. त्यावर वेगळं पत्र लिहा, नाव नको असेल तर नाव घालू नका.