जमीन मुद्दाम हलवायची?

प्रश्न: सर मी पाटणचा, कोयनेचे धक्के आम्हाला काय नवीन नाहीत, पण जपानमधे ज्वालामुखीजवळ मुद्दाम मशीन लावून जमीन हलवतात म्हणे, खरं का?

उत्तर: खरंय की! तिथल्या साकुराजिमा ज्वालामुखीवर केलंय. मशीनमधे एका बाजूला जड असलेलं वजन फिरतं, वॉशिंग मशीनमधे ओली चादर एकीकडे गोळा झाली की कसं धडधडतं तसंच, फक्त फिरण्याचं टायमिंग जीपीएसच्या घड्याळाला बांधलेलं. लांबवर हादरा फारच बारीक पोचतो, म्हणून तोच सिग्नल पुन्हा पुन्हा सोडून रेकॉर्डिंगची बेरीज करतात, मग गोंगाट दबतो. खाली मॅग्मा (वितळलेला खडक) हलला की त्यातून जाणाऱ्या या हादऱ्याच्या लाटांचा वेग, जोर बदलतो, तेच पकडायचं. भूकंपाची वाट बघत बसायला नको. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा मात्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याची काळजी सोडा.