ज्यांनी फोन उचलला नाही, त्यांचं काय?

ऐरोलीच्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी सांख्यिकी घेऊन बी.एस्सी. झाली. गेले चार महिने ती वाशीतल्या एका कंपनीत कंत्राटावर काम करते. पीएचडी मिळालेल्यांना फोन लावायचे आणि प्रश्नावली भरून घ्यायची, हे तिचं काम. आई लिहितात, “अर्धे लोक फोन कापतात, काही तर अंगावर येतात. नातेवाईक विचारतात, कॉल सेंटरला लागली का? हिचे बाबा म्हणतात, सोड ते आणि डेटा सायन्सचा क्लास लाव. त्यात पेपरात वाचलं की पीएचडीचे विद्यार्थी ८१ टक्क्यांनी वाढले, तर आता ही म्हणते मीही पीएचडी करते. आम्हाला काही सुचत नाही.”

ताई, आधी नातेवाइकांचं बघू. तुमची लेक कॉल सेंटरला लागलेली नाही. कॉल सेंटरात समोरच्याने फोन ठेवला की यादीतलं पुढचं नाव घेता येतं. सर्वेक्षणात तसं चालत नाही. ज्याची निवड झाली त्याच्याकडेच पुन्हा जायचं, सकाळी नाही तर रात्री, आज नाही तर रविवारी. कारण फोन उचलणारे आणि न उचलणारे एकाच मुशीतले नसतात.

हे मी चूक करून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका शिक्षणसंस्थेसाठी मी माजी विद्यार्थ्यांची पाहणी केली. पत्रं पाठवली, जेवढी उत्तरं आली तेवढी मोजली आणि अहवालात लिहून मोकळा झालो की बहुतेक सगळे नोकरीला लागलेत. संस्थेने ते माहितीपत्रकात छापलं. पुढे वागळे इस्टेटमध्ये त्यांतलाच एक मुलगा भेटला. म्हणाला, “सर, तुमचं पत्र मिळालं होतं. नोकरीच नव्हती, मग काय लिहून पाठवणार?” असे आणखी किती होते ते मी कधी शोधलंच नव्हतं. त्या माहितीपत्रकावर विसंबून ज्यांनी प्रवेश घेतला, त्यांचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तुमच्या लेकीच्या कामाबद्दल मला आस्था आहे. अमेरिकेत पीएचडी घेणाऱ्यांची अशी मोजणी १९५७ पासून दरवर्षी होते. १ जुलै ते ३० जून या वर्षात तिथल्या विद्यापीठांतून संशोधनाची डॉक्टरेट घेणाऱ्या प्रत्येकाला प्रश्नावली जाते. म्हणजे नमुना काढत नाहीत, सगळेच मोजतात. डॉक्टरकीची किंवा वकिलीची पदवी त्यात धरत नाहीत. किती वर्षं लागली, पैसा कुठून आला, कर्ज किती झालं, आईवडील किती शिकलेले, पुढे काय करणार, असं सगळं विचारतात. ९० टक्क्यांहून जास्त लोक उत्तर देतात. जे देत नाहीत त्यांनाही सोडत नाहीत. विद्यापीठाकडून, पदवीदान समारंभाच्या यादीतून, जमेल तेवढी माहिती गोळा करून त्यांची नोंद ठेवतात.

आणि एवढं करूनही त्या आकड्यांचा अर्थ लावताना जपावं लागतं. ‘पुढे काय करणार’ हे पदवी घेताना विचारलेलं असतं. तिथे पीएचडी करणाऱ्या परदेशी मुलांमध्ये चीनच्या खालोखाल आपली मुलं आहेत, आणि त्यांतली बहुतेक ‘इथेच राहायचा विचार आहे’ असं लिहितात. बातमीत मात्र ‘राहिली’ असं येतं. विचार आणि मुक्काम यांत व्हिसा असतो, नोकरी असते, गावाकडे आजारी पडलेले वडील असतात. प्रत्यक्षात कोण कुठे आहे ते पाहायला तिथे १९७३ पासून दुसरं सर्वेक्षण आहे. ते विज्ञान, अभियांत्रिकी आणि आरोग्य या विषयांतल्या पीएचडीधारकांचा नमुना घेऊन वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवतं. आणखी एक गोष्ट. पीएचडीला किती वर्षं लागतात, हा आकडा पुरी करणाऱ्यांकडूनच येतो. चौथ्या वर्षी कंटाळून सोडून गेलेला त्यात कुठेच नसतो. वारीत पंढरपूरला पोहोचलेल्यांनाच विचारलं तर वाट सोपीच वाटणार.

आता तुम्ही वाचलेले ८१ टक्के. आकडा खरा आहे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०१४-१५ मध्ये १.१७ लाख पीएचडी विद्यार्थी होते, ते २०२१-२२ मध्ये २.१२ लाख झाले. पण ही नोंदणी आहे, म्हणजे त्या वर्षी पटावर असलेले सगळे, पहिल्या वर्षाचे आणि रखडलेलेही. नव्याने येणारे वाढले तरी हा आकडा वाढतो, आणि प्रबंध लांबत गेले तरी वाढतो. बादलीतलं पाणी वाढलं म्हणजे नळ मोठा सुटला असेल, किंवा खालचं भोक बुजलं असेल. शिवाय हे सर्वेक्षण विद्यापीठं आणि महाविद्यालयं आपापल्या नोंदींवरून भरतात. पदवी घेतलेल्या माणसाला ‘बाबा रे, आता काय करतोस’ हे त्यात कोणी विचारत नाही. ते विचारण्याचं काम तुमची लेक करते आहे. हे तिच्या बाबांना जरूर सांगा.

पण फक्त फोन करण्यात तिने वर्षं घालवू नयेत, हेही मी तितक्याच ठामपणे सांगतो. माहिती गोळा करणाऱ्याला कंत्राट मिळतं. प्रश्न तयार करणाऱ्याला, नमुना ठरवणाऱ्याला आणि आकड्याचा अर्थ लावणाऱ्याला बढती मिळते. त्यासाठी एम.एस्सी. हवी. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तुमच्यापासून लांब नाही; वाशीला गाडी बदलून हार्बरने मानखुर्दच्या पुढचं गोवंडी. १९५६ साली स्थापन झालेली ही संस्था देशाचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. पाचव्या फेरीत त्यांनी सहा लाखांहून जास्त घरं गाठली. सर्वेक्षण कसं उभं राहतं हे शिकायला याहून चांगली जागा आपल्या भागात मला माहीत नाही. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा सांख्यिकी विभाग आहे, तोही चांगला पर्याय.

सरकारी वाटही मोकळी आहे. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा पदवीला सांख्यिकी असलेल्यांना देता येते, आणि केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) सीजीएल परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होता येतं. दोन्हींच्या जाहिराती आणि वयाची अट तिने स्वतः वाचावी, क्लासवाल्यांच्या तोंडून ऐकू नये.

डेटा सायन्सच्या क्लासला माझा विरोध नाही. पण तिथे बहुधा तयार फाइल हातात देतात. ती फाइल कशी भरली गेली, कोण गळालं, हे तुमच्या लेकीने कानांनी ऐकलंय. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीककापणीच्या पाहणीत, म्हणजे शेताचा एक तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज बांधतात त्यात, दाखवून दिलं होतं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न जास्त दिसतं, कारण कडेवरची रोपं आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. ही चूक गणितात सापडत नाही. बांधावर उभं राहून विळा कसा चालतो ते पाहिलं तर सापडते. तुमच्या लेकीचा बांध म्हणजे तो हेडफोन.

पीएचडीचं म्हणाल तर आत्ता नको. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे किमान ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षांचं काम आहे ते. बातमी वाचून त्यात पडू नये. एखादा प्रश्न झोपू देईना झाला की करावी, आणि तिला तो सापडेल असं मला वाटतं.

तोवर दोन कामं सांगतो. रोजगार आणि बेरोजगारी मोजणाऱ्या आवर्ती श्रमबल सर्वेक्षणाची मूळ माहिती केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती उतरवून घेऊन, भारांक (नमुन्यातला एक माणूस किती जणांच्या वतीने मोजायचा तो आकडा) लावून, छापील अहवालातलं एकच कोष्टक स्वतः तयार करायचं. आकडा जुळेपर्यंत सोडायचं नाही. पहिल्यांदा जुळणार नाही, आणि का जुळला नाही ते शोधण्यातच ती निम्मं शिकेल.

दुसरं, पर्यवेक्षकांना विचारून नकारांचा हिशेब मांडायचा, कोणाचंही नाव किंवा नंबर न लिहिता. कोणत्या विषयाचे लोक नाही म्हणतात, बाया की पुरुष, किती वाजता, पदवी मिळून किती वर्षं झालेले. कंत्राट संपायच्या आत महिनाभराचा असा तक्ता झाला की मला पाठवायला सांगा. पुढच्या कुठल्याही मुलाखतीत तो कसा मांडायचा ते आम्ही दोघं बसून ठरवू.