सहा जणांचं टेबल

तरुण सहकाऱ्यास,
जय ख्रिस्त.

सुवार्ताप्रसाराच्या जागतिक परिषदेसाठी तुझी निवड झाली, आणि ती भरणार आहे युरोपात. चर्चच्या मंडळीत पेढे वाटून झाले असतील तर आता पासपोर्ट काढून बघ. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा जो शेंगेन व्हिसा, त्यासाठी तो गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि २ पानं कोरी असलेला लागतो. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, १५ दिवस आधी ही शेवटची हद्द. त्या हद्दीवर विसंबू नकोस. उन्हाळ्याच्या सुट्टीत निम्मी मुंबई युरोपला निघते आणि अपॉइंटमेंट मिळत नाही. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

अर्ज अडतो तो बहुधा कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. पासपोर्टवर एक नाव, पाळकसाहेबांच्या पत्रात घरचं हाक मारायचं नाव. निमंत्रणात लिहिलेलं असतं की राहण्याजेवणाचा खर्च परिषद करणार, आणि मंडळीचं पत्र उत्साहाने म्हणतं, 'सर्व खर्च आम्ही करू'. मंडळीच्या पत्रात एवढंच असू दे: पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच, मंडळीतलं तुझं काम, तारखा, कोणता खर्च कोणाचा, आणि परत येऊन तू काय सांभाळणार आहेस. अर्जाच्या आधी मामा-काकांकडून खात्यात लाख रुपये टाकून घेऊ नकोस. बँक स्टेटमेंटमध्ये नेमकं तेच आधी दिसतं.

पैशांबाबत आणखी दोन गोष्टी. तू सरकारी नोकरीत किंवा सरकारी कंपनीत असशील आणि तिकडचा खर्च परदेशी संस्था करणार असेल, तर परदेशी अंशदान कायद्याच्या कलम ६ प्रमाणे केंद्राची परवानगी आधी घ्यावी लागते. त्यासाठी एफसी-२ अर्ज निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी पोचायला हवा. दुसरं, तिथे कोणी मायेने म्हणेल, 'तुमच्या मंडळीचा खाते क्रमांक द्या, थोडी मदत पाठवतो.' देऊ नकोस. त्याच कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळीला परदेशी पैसा घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. हसून नाही म्हण आणि कारणही सांग, म्हणजे समोरचा दुखावणार नाही.

आता मुख्य गोष्ट. सुवार्ताप्रसाराच्याच २०१० च्या केप टाउन परिषदेला ४,००० हून अधिक लोक जमले होते, पण त्यांना बसवलं होतं सहा-सहाच्या टेबलांवर. तुझ्याकडेही तसंच असेल तर व्यासपीठापेक्षा टेबलाची तयारी जास्त कर. भाषणं मागाहून ऐकता येतात. तुझ्या टेबलावरची ती पाच माणसं पुन्हा एकत्र भेटायची नाहीत. पहिल्याच दिवशी ओळख करून द्यायला तीनेक मिनिटं मिळतात आणि आपली माणसं ती 'भारत हा विविधतेने नटलेला देश आहे' यात घालवतात. तू भारताचा प्रतिनिधी नाहीस, आपल्या एका मंडळीचा आहेस. मराठी उपासनेला किती कुटुंबं येतात, त्यांतली किती कल्याण-विरारकडे राहायला गेली, रविवारी मेगाब्लॉक असला की बाकं कशी रिकामी राहतात, आणि मग चाळीतल्या बुधवारच्या प्रार्थनासभेवर किती भार येतो, ते सांग. मेगाब्लॉक समजावताना अर्धं मिनिट जाईल, जाऊ दे. टेबलावरचा माणूस तुला त्याच शब्दावरून लक्षात ठेवेल. आकडे हजेरीवहीतले दे, मनातले नकोत. 'किती लोकांनी ख्रिस्त स्वीकारला?' असं कोणी विचारलं तर फुगवलेला आकडा द्यायचा मोह होतोच, आणि तो आकडा उद्या कोणाच्या तरी अहवालात छापला जातो.

ही तीन मिनिटं आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत आण, वाक्यं छोटी ठेव. हेडफोनवर मराठी भाषांतर मिळेल ही आशा सोड. घरी घड्याळ लावून दोनदा म्हणून बघ.

जाण्याआधी लोझान करारनामा वाच, १९७४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला भरलेल्या अशाच परिषदेतला. कलमं १५च आहेत, एका संध्याकाळी होतात. इंग्लंडचे पाळक जॉन स्टॉट त्याच्या मसुद्याचे प्रमुख होते. पाचवं कलम सामाजिक जबाबदारीचं आणि दहावं संस्कृतीचं. टेबलावर वाद बहुधा याच दोहोंवरून निघतो. दहाव्याच्या वेळी तुझ्याजवळ सांगण्यासारखं खूप आहे: नारायण वामन टिळकांचे ख्रिस्ती अभंग, कीर्तन. अभंगाच्या दोन ओळी पाठ असू देत, चालीसकट. १९१० च्या एडिंबरा मिशनरी परिषदेत सुमारे १,२०० प्रतिनिधींमध्ये आशियातले वीसही नव्हते. त्यांतल्या भारताच्या व्ही. एस. अझरायांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना सुनावलं होतं की आम्हाला मित्र द्या. मदत द्यायला निघालेल्या भल्या माणसाशी बोलताना ते आठव.

फोटो विचारूनच काढ. केप टाउनला यायला निघालेल्या दोनशेवर चिनी प्रतिनिधींना त्यांच्या सरकारने देशाबाहेर पडू दिलं नव्हतं. तुझ्या व्हॉट्सॲप स्टेटसवरचा एखादा चेहरा अशाच देशातला असू शकतो. आणि नवा मित्र म्हणाला, 'डिसेंबरात येतो, तुमच्याकडे प्रवचन करतो', तर पर्यटक व्हिसावर भारतात धर्मप्रचार करता येत नाही, हे तिथेच सांग. मुंबई बघायला मात्र जरूर ये म्हणावं, नाताळात वांद्रे दाखवू.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात त्या पाच जणांना एकेक पत्र लिही, प्रत्येकाला वेगळं. सगळ्यांना एकच मजकूर पाठवलास तर उत्तर येत नाही. मंडळीपुढे दहा मिनिटं पुरेत, त्यात विमानतळाचे फोटो नकोत. आणि बोर्डिंग पास टाकून देऊ नकोस, खजिनदार मागतील.

तुझे,
मंडळीतले वडीलधारे