उत्तर: एक्स्चेंजचा पोर्ट हिरवा, पण ट्रॅफिक जुन्याच वाटेनं

इंटरनेट पुरवणाऱ्या चिपळूणच्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या एका इंटरनेट एक्स्चेंजमध्ये, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना थेट जोडतात त्या ठिकाणी, १० जीचा (सेकंदाला १० गिगाबिट) पोर्ट घेऊन दोन महिने झाले. एक्स्चेंजच्या रूट सर्व्हरशी बीजीपी सेशन (नेटवर्कं एकमेकांना मार्ग कळवतात ती जोडणी) अप आहे, ढिगानं रूट, म्हणजे मार्ग, येतायत, तरी अपस्ट्रीमचं, म्हणजे ज्याच्याकडून इंटरनेट विकत घेतो त्याचं, बिल रुपयानंही उतरलेलं नाही. एक्स्चेंजवाले म्हणतात, 'आमच्याकडून क्लिअर.' अपस्ट्रीम म्हणतो, 'आमच्याकडूनही क्लिअर.' मग घोडं अडलंय कुठं? शिवाय पेअरिंगच्या (दोन नेटवर्कांनी एकमेकांचं ट्रॅफिक थेट घेण्याच्या) कराराचा नमुना कुणाकडे आहे का, असंही त्यांनी विचारलंय.

'आमच्याकडून क्लिअर' हे शब्द वाचले आणि माझा जुना ताप परत चढला. म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. करून केबलच्या धंद्यात पडलो, त्यातून इंटरनेट. कराडच्या बाजूला २,८०० च्या आसपास कनेक्शनं आहेत. त्यामुळं खालचं सगळं हात पोळून शिकलेलं आहे, पुस्तकी नाही. तुमचा अपस्ट्रीम वेगळा, राउटर वेगळा. डोळे झाकून कॉन्फिग मारू नका, नंतर माझ्या नावानं बोटं मोडाल.

राउटर कुठला, सेशन कसं लावायचं, एएस नंबर (नेटवर्कचा जागतिक ओळख क्रमांक) कसा काढायचा, हे सोडून देतो. पोर्ट चालू आहे म्हणजे ते तुम्ही केलेलंच आहे.

मला एकच विचारायचंय. त्या पोर्टचा ग्राफ रात्री ९ वाजता उघडून नीट बघितलात का? फक्त अप-डाऊन नाही, इन किती आणि आउट किती ते?

माझा सांगतो. पोर्ट चालू झाल्यावर पाचव्या दिवशी कंट्रोल रूममध्ये बसलो होतो. कंट्रोल रूम म्हणजे दुकानामागची खोली, ओएलटीच्या (गिऱ्हाइकांच्या फायबर जोडणाऱ्या यंत्राच्या) पंख्यांचा आवाज, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि एक खुर्ची. संध्याकाळचं एकूण ट्रॅफिक ६ जीबीपीएस. एक्स्चेंजच्या पोर्टवर आउट ३४० एमबीपीएस. मी खूश. मग निळ्या रेषेकडे, म्हणजे इनकडे लक्ष गेलं. ती तळाला चिकटलेली. काही केबीपीएस, बस्स. मला वाटलं एसएनएमपीच (ग्राफला आकडे पुरवणारी यंत्रणा) गंडलंय. एसएनएमपी ठणठणीत होतं, मीच गंडलो होतो.

आपल्यासारख्यांचा धंदा डाउनलोडचा. गिऱ्हाईक व्हिडिओ बघतं, म्हणजे ट्रॅफिक येतं. आणि येणारं ट्रॅफिक कुठल्या वाटेनं यायचं हे आपल्याला किती रूट मिळाले यावर ठरत नाही. आपला प्रीफिक्स, म्हणजे आपल्या आयपी पत्त्यांचा गट, समोरच्याला कुठून दिसतो, यावर ते ठरतं. रूट सर्व्हरकडून लाखभर रूट आले म्हणून मी पेढे वाटायचा बाकी होतो. ते लाखभर रूट त्या ३४० एमबी आउटच्या कामाचे. बिल ज्याचं येतं ते ६ जीबी जुन्याच दारातनं आत येत होतं.

आता माझी घोडचूक. आम्ही अपस्ट्रीमकडे आधी स्टॅटिकवर होतो, म्हणजे बीजीपीविना, हातानं लावलेल्या मार्गावर. आयपी आमच्या नावावर होते, एक /२३, म्हणजे ५१२ पत्ते, त्यामागे नॅट (एका पत्त्यामागे अनेकांना बसवायची सोय) लावून सगळी गिऱ्हाइकं. पण बीजीपी आम्हाला येत नव्हतं, म्हणून अपस्ट्रीम आमचे पत्ते त्याच्या एएस नंबरातून जाहीर करायचा, /२४ चे, म्हणजे २५६-२५६ पत्त्यांचे, दोन तुकडे करून. त्या वेळी त्यांच्या माणसानं फोनवर सांगितलं, 'आयआरआयएनएनच्या पोर्टलवर आरओए करा, ओरिजिन म्हणून आमचा नंबर टाका.' (आयआरआयएनएन म्हणजे भारतात आयपी पत्ते वाटणारी संस्था. आरओए म्हणजे हे पत्ते कुठल्या एएस नंबरानं जाहीर करायचे, म्हणजे ओरिजिन कोण, याची मालकानं सही केलेली नोंद.) मी टाकला. माझ्याच लॉगिननं, माझ्याच बोटांनी. आणि विसरून गेलो.

दोन वर्षांनी स्वतःचा एएस नंबर घेऊन मी एक्स्चेंजवर /२३ जाहीर केला. रूट सर्व्हरनं आरओए तपासला. तिथं मालकाचीच सही, की ह्या पत्त्यांचा ओरिजिन अपस्ट्रीम. मग मी कोण? चोर. प्रीफिक्स इनव्हॅलिड म्हणून बाजूला टाकला. सेशन मात्र हिरवं, कारण सेशनचा आणि याचा काही संबंध नसतो. एक्स्चेंजच्या लुकिंग ग्लासवर (कुठले रूट दिसतात ते दाखवणारं वेबपान) माझ्या सेशनसमोर 'फिल्टर्ड' खाली माझाच /२३ पडलेला होता. हे बघायला मला पाच आठवडे लागले, कारण बघायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. (रूट सर्व्हर म्हणजे इथं मार्ग वाटणारा. वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसचा मुळावाला (इंग्रजीत 'root') तो वेगळा. आमच्या पोरानं गुगल करून मला तासभर मुळावालाच शिकवला होता.)

बरं, स्वतःच्या नंबराचा नवा आरओए केला. एका प्रीफिक्सला दोन आरओए चालतात. काही वेळानं /२३ स्वीकारला गेला. ग्राफ? तसाच.

कारण अपस्ट्रीमचे दोन /२४ अजून जगात फिरत होते. बीजीपीत मोठ्या तुकड्यापेक्षा बारीक तुकडा कायम जिंकतो, रस्ता कितीही लांबचा असो. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉम देशातल्या देशात यूट्यूब बंद करायला गेलं आणि जगाचं यूट्यूब गायब झालं, ते ह्याच कारणानं. यूट्यूबचा /२२ होता, पाकिस्तान टेलिकॉमनं त्यातला /२४ जाहीर केला, तो त्यांच्या अपस्ट्रीमनं गाळणी न लावता पुढं दिला, आणि जगभरचं ट्रॅफिक तिकडं वळलं. माझ्या बाबतीत चोरी नव्हती, जुनी परवानगी होती. परिणाम तोच.

मग म्हटलं, आपणही एक्स्चेंजवर /२४ सोडू. सोडले. परत इनव्हॅलिड! नव्या आरओएत कमाल लांबी, म्हणजे किती बारीक तुकडा चालेल ती मर्यादा, मी २३ ठेवली होती. ती रात्र त्यातच गेली. २४ केल्यावर मात्र निळी रेषा उठली आणि साधारण अर्धं ट्रॅफिक वळलं. उरलेलं हलेना, कारण बरेच मोठे कंटेंटवाले समोर सारखेच दोन रूट असले की अपस्ट्रीमशी असलेल्या त्यांच्या थेट खाजगी लिंकला पसंती देतात.

म्हणजे अपस्ट्रीमनं आपल्या बाजूचे दोन /२४ काढणं भाग. दोन ओळींचं काम. त्याला अकरा आठवडे लागले.

नाव घेत नाही, विचारूही नका. पहिलं तिकीट बंद झालं, 'लिंक अप, लेटन्सी नॉर्मल' असा शेरा मारून. दुसऱ्यावर फोन आला, पेमेंट थकलंय का बघायला. थकलं नव्हतं. मग पुण्याच्या त्यांच्या ऑफिसात गेलो. सेल्सवाल्यानं चहा पाजला आणि 'कोअर टीमकडे टाकतो' म्हणाला. कोअर टीम कुठं बसते ते त्यालाही माहीत नव्हतं. लेटरहेडवर अर्ज मागितला, दिला. शिक्का पुसट आलाय म्हणून परत आला. तिसऱ्यांदा कळलं की मूळ फॉर्मवर ज्याची सही आहे त्यानंच अर्ज करायला हवा. मूळ फॉर्मवर आमच्या मेव्हण्यांची सही होती, आणि ते भागीदारीतनं बाहेर पडून बोलायचे बंद झाले होते! घरची ती भानगड मिटवण्यात एक दिवाळी गेली. तोवर बॅकहॉल (एक्स्चेंजपर्यंतची लिंक), पोर्ट, क्रॉस कनेक्ट (तिथल्या इमारतीतली जोडतार) सगळ्याचं भाडं चालू. चार लाखांच्या वर पदरचे गेले.

त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण ट्रॅफिक त्यांच्याकडून जातं तोवर बिल त्यांचं, एवढं मात्र म्हणतो. शेवटी रात्रपाळीच्या एका पोरानं, वरच्यांना विचारत न बसता, रात्री १.४० ला त्या ओळी काढल्या. तेव्हा ट्रॅफिक असतं किती? तरी निळी रेषा एकदम चढली आणि मी बायकोला उठवून दाखवली. तिनं जे उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

तर तुम्ही काय करायचं. एक्स्चेंजच्या लुकिंग ग्लासवर आपल्या सेशनचे स्वीकारलेले आणि गाळलेले रूट बघा. बाहेरच्या एखाद्या सार्वजनिक लुकिंग ग्लासवरून आपले पत्ते शोधा आणि ओरिजिन कुणाचा दिसतो, तुकडा केवढा दिसतो, ते टिपून घ्या. ९० टक्के शंका मला तिथंच आहे. दुसरीकडे कुठं असेल तर मी चूक, मान्य.

आणि एक कळकळीनं: वैतागून अपस्ट्रीमच्या नंबराचा जुना आरओए आधी उडवू नका. माझ्याही मनात दहादा आलं होतं. तसं केलंत की त्याचे /२४ इनव्हॅलिड होतात, आणि आरपीकेआय (आरओए ज्यावर चालतात ती यंत्रणा) तपासणारे सगळे ते टाकून देतात. तुमची जाहिरात फक्त एक्स्चेंजवर असेल, तर उरलेल्या जगात तुमचा पत्ताच राहत नाही. क्रम असा धरा: आधी अपस्ट्रीमशी स्वतःच्या नंबरानं बीजीपी लावून /२३ द्या, तो बाहेर दिसतोय का बघा, मग त्यांना /२४ काढायला लावा, आणि सगळ्यात शेवटी जुना आरओए. पोर्टचे पैसे भरण्याआधी हे लेखी घेतलं असतं, तर माझे चार लाख वाचले असते.

मी आजही /२३ अपस्ट्रीमला आणि /२४ फक्त एक्स्चेंजवर देतो. तुकडे पाडणं पाप आहे असं म्हणणारे लोक इथं येतील आता. त्यांचं तत्त्वतः बरोबर आहे. बिल मात्र ते भरत नाहीत.

कराराच्या नमुन्याबद्दल: लागणार नाही. रूट सर्व्हरला जोडलात की त्यावरच्या सगळ्यांशी आपोआप पेअरिंग. ज्यांच्याशी वेगळं सेशन हवं त्यांचं पान पीअरिंगडीबीवर (नेटवर्कांच्या माहितीची सार्वजनिक वेबसाइट) बघा, त्यांची धोरणं तिथं असतात, मेल टाका, दोन ओळींत काम होतं. पॅकेट क्लिअरिंग हाउस या संस्थेनं २०११ मध्ये १,४२,२१० पेअरिंग तपासली, त्यात लेखी करार फक्त ६९८ निघाले. बाकी सगळा धंदा शब्दावर. मात्र स्वतःचं पीअरिंगडीबीचं पान आधी भरा. रिकामं पान बघून कुणी उत्तर देत नाही. मोठ्या ट्रान्झिटवाल्यांना (पैसे घेऊन जगभर ट्रॅफिक पोचवणाऱ्यांना) फुकट पेअरिंग मागायच्या भानगडीत पडू नका. हरिकेन इलेक्ट्रिक या बड्या नेटवर्कनं २००९ मध्ये कोजंट या दुसऱ्या बड्या नेटवर्कला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) पेअरिंगसाठी अक्षरशः केक करून विनवलं होतं. केक गोड होता की नाही माहीत नाही, पेअरिंग काही झालं नाही. मग आपण कुठले.

कुणी जुना जाणता तुम्हाला सांगेल, 'एक्स्चेंज आपल्यासारख्यांसाठी नाहीच.' त्याचंही अगदी चूक नाही. निक्सी (भारताचं राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज) २००३ मध्ये सुरू झालं, त्यानंतर नियम असा होता की जो ट्रॅफिक मागतो त्यानं समोरच्याला पैसे द्यायचे. गिऱ्हाईकवाला आयएसपी (इंटरनेट पुरवठादार) कायम मागणाराच, त्यामुळं तो हिशोब आपल्याला महाग. ते दिवस गेले. आज मुंबईत निक्सी आहे, डीई-सिक्स आहे, एक्स्ट्रीम आयएक्स आहे, निवड आहे. पण संध्याकाळचं ट्रॅफिक दोन-तीन जीच्या खाली असेल तर माझं मत विरोधात. बॅकहॉलचं भाडं बचत खाऊन टाकतं. तुमचा बॅकहॉल कुंभार्ली घाटातनं येत असेल तर पावसाळ्याचा वेगळा विचार करा. दरड पडली की फायबर जाते, म्हणून अपस्ट्रीमची लिंक दुसऱ्या वाटेनं ठेवा, पोर्ट आला म्हणून ती तोडू नका.

जाता जाता: एक्स्चेंजकडे बाहेर जाणारा फिल्टर लावलाय ना? फक्त आपले प्रीफिक्स, दुसरं काही नाही. २४ जून २०१९ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या आयएसपीकडनं नको ते रूट तिच्या एका गिऱ्हाइकामार्फत गळले, व्हेरायझन या बड्या कंपनीनं ते न गाळता पुढे सोडले आणि क्लाउडफ्लेअरसकट (असंख्य वेबसाइटींना सेवा देणारी कंपनी) कित्येकांचं ट्रॅफिक त्या बारक्या नळीत शिरलं. आपण तर त्याहून बारके.

लुकिंग ग्लासचं आउटपुट इथं टाका, पत्ते झाकून. सोबत पोर्टच्या ग्राफचा फोटो, रविवारी रात्री ९ च्या सुमाराचा. सकाळचा नको, सकाळी सगळेच ग्राफ शहाण्यासारखे दिसतात.