फ्रिजवरचा तक्ता

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाणेरमधलं चौदा जणांचं स्टार्टअप, त्यात तुम्ही सातवे. ग्राहक सगळे अमेरिकेतले. घरी दीड वर्षाची मुलगी, बायकोचीही नोकरी, आणि दहा वर्षं शिकलेला तबला वर्षभर खोळीत पडून. त्यावर उपाय म्हणून तुम्ही आखलेला दिवस: पहाटे पाचला रियाज, मग व्यायाम, नऊला ऑफिस, रात्री साडेदहाला कॉल. हे जमेल का, असं विचारलंय.

मला वाटतं, नाही जमणार. त्यात तुमच्या जिद्दीचा काही दोष नाही. साडेबाराला आडवं होणारा आणि मुलीसाठी दोनदा उठणारा माणूस पाचचा गजर किती दिवस पाळणार? दहा-बारा दिवसांत रियाज सुटतो, मग व्यायाम सुटतो, आणि आपल्याला काहीच जमत नाही ही खंत तेवढी मागे उरते. मी तीच चूक केली होती, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

मी २०११ पासून स्टार्टअपमध्येच आहे. पहिली कंपनी तीन वर्षांत बंद पडली. दुसरीत २०१६ पासून आहे. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. २०१८ मध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या रात्री एकच्या सुमारास कॉल संपवून मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर फ्रिजवर बायकोच्या अक्षरातला एक तक्ता चिकटवलेला. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या वेळा, समोर औषधाचं नाव, शेवटच्या रकान्यात कोण घालणार ते. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं थांबायचं, हे लाल पेनाने लिहिलेलं. आई, मी, आई, शेजारच्या काकू, मी. त्यातलं ‘मी’ म्हणजे बायको. माझं नाव एकाही रकान्यात नव्हतं. सकाळी आठला मी रोज घरी असायचो, तरीही नव्हतं.

कुणी भांडलं नव्हतं, कुणी टोमणा मारला नव्हता. घराने मला हिशेबातून वगळलं होतं, इतकंच. त्या आधी मी घरी मोठमोठे शब्द देत होतो: हे रिलीज झालं की आठ दिवस कोकणात जाऊ, फंडिंग झालं की रोज सातला घरी येईन. त्यातला एकही पाळला गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी बायकोकडून सकाळी आठचा रकाना मागून घेतला आणि थेंब बंद होईपर्यंत एकदाही चुकवला नाही. पुढे तीच वेळ बाबांबरोबरच्या चहाची झाली, आणि नंतर मुलीला स्कूलबसपर्यंत सोडण्याची. आठ ते पावणेनऊ मला फोन लागत नाही, हे आज आमच्या कंपनीतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

तेव्हा घरी शब्द लहान द्या, पण मोडू नका. तुमच्याकडे मुलीची आंघोळ असेल किंवा संध्याकाळचं जेवण भरवणं असेल. एकच काम घ्या, पण ते पूर्ण तुमचं असू द्या. ‘मदत करतो’ म्हणू नका. तिचे कपडे काढून ठेवण्यापासून बादली पालथी घालेपर्यंत सगळं तुम्हीच करायचं.

आता ऑफिसकडे येतो, कारण खरी गाठ तिथे आहे. रात्री तुम्हाला उठवतं ते काम किती आणि नुसते अलर्ट, म्हणजे सिस्टीमने आपोआप पाठवलेले इशारे, किती, हे आधी बघा. आम्ही एकदा महिन्याभरातले रात्रीचे सगळे अलर्ट काढून चौघांनी एकत्र बसून वाचले. डिस्क ऐंशी टक्के भरली, अमुक जॉब दहा मिनिटं उशिरा संपला, असलेच बहुतेक. सकाळी बघितलं असतं तरी काही बिघडलं नसतं. ते सगळे रात्रीसाठी बंद केले. दवाखान्यांचं काम प्रत्यक्ष अडतं तेवढेच ठेवले. त्या प्रत्येकासाठी काय तपासायचं, काय रीस्टार्ट करायचं, कधी फोन करून दुसऱ्याला उठवायचं, हे पानभर लिहून काढलं. त्यानंतरच ऑन-कॉलची, म्हणजे रात्री काही अडलं तर फोन घ्यायची, पाळी दर आठवड्याला फिरवता आली. आधी सगळं एकाच्या डोक्यात असल्यामुळे पाळी कागदावर कुणाचीही असली तरी फोन मलाच यायचा. शुक्रवारी दुपारनंतर डिप्लॉय नाही, म्हणजे सॉफ्टवेअरचे नवे बदल ग्राहकांकडे चालू करायचे नाहीत, हा नियमही तेव्हाच केला, आणि शनिवार घराला मिळाला.

सातवा माणूस हे सगळं करू शकतो का, ही शंका तुमच्या मनात येईल. करू शकतो. संस्थापकांकडे ‘मला वेळ हवा’ म्हणून जाऊ नका. महिन्याचे अलर्ट घेऊन जा.

कॉलचंही तसंच. कॅलिफोर्नियातले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि तोच कॉल आपल्याकडे साडेदहाला येतो, तो थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. हे चार महिने घरात सगळ्यात जास्त ताणाचे असतात. हिवाळ्यापुरती तिकडची आठची वेळ मागा; मागितल्यावर बरेच ग्राहक देतात. रात्रीचे कॉल आठवड्यात दोनच वारांना बसवा आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत ऑफिसला जाऊ नका. गणपतीच्या सुट्टीची पाळी जूनमध्येच लावून घ्या, कारण गणपतीत तिकडे भर कामाचे दिवस असतात. नाताळात आमचे ग्राहक शांत असतात, म्हणून लांबची रजा मी तेव्हा घेतो. तुमचे ग्राहक ऑनलाइन विक्रीतले असतील तर मात्र नोव्हेंबर-डिसेंबर धरूच नका.

बायकोच्या कामाच्या तारखाही त्याच कॅलेंडरवर आणा. माझी बायको बँकेत आहे. मार्चचा शेवटचा आठवडा तिचा, त्या आठवड्यात मी ऑन-कॉल घेत नाही. पाळणाघर ऑफिसजवळ बघू नका, घराजवळ बघा, म्हणजे मुलीला आणायला दोघांपैकी कुणीही जाऊ शकेल. कंपनीच्या पाळणाघराची वाट पाहू नका. कायद्याने ती सक्ती पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या जागीच आहे.

ईसॉपचे, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायच्या तुमच्या हक्काचे, कागद बायकोबरोबर बसून वाचा. चार वर्षांचं व्हेस्टिंग आहे का, म्हणजे तो हक्क चार वर्षांत हळूहळू पक्का होतो का, पहिल्या वर्षाच्या आत नोकरी सोडली तर काय, सोडल्यावर शेअर घ्यायला किती दिवस मिळतात. शेअर घेताना त्यांची त्या दिवशीची किंमत आणि तुम्ही भरलेली रक्कम यातला फरक पगाराचं उत्पन्न धरला जातो आणि त्यावर कर लागतो. बहुतेक वेळा विकून पैसे हातात यायच्या आधीच लागतो. ‘चार वर्षं सोस, मग सुटलो’ असं आपण घरी सहज बोलून जातो. ज्या आकड्यासाठी ती सोसणार आहे, तो तिला कळायला हवा.

तबल्याबद्दल मला फार आत्मीयतेने लिहावंसं वाटतंय, कारण मीही वाजवतो. पहिल्या कंपनीच्या दिवसांत मी दोन वर्षं खोळ उघडली नव्हती. उघडली तेव्हा दायाच्या, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याच्या, शाईला बारीक तडे गेले होते, वाद्या सैल पडल्या होत्या, हातोडीने गठ्ठे कितीही ठोकले तरी सूर चढेना. पुडी, म्हणजे वरचं चामडं, बदलावी लागली. हाताचंही तसंच झालं होतं. तिरकिट दुगुनीत गेलं की बोटं अडखळायची. एकट्याने घरी बसून ते परत येत नव्हतं. दर बारीला मनात यायचं, आज राहू दे. मग गुरुजींकडे शनिवार सकाळ मागून घेतली. तिथे कुणीतरी माझी वाट पाहत असतं, लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, धरायला एक मुलगा पेटीवर बसलेला असतो, म्हणून जाणं होतं.

तुम्हीही पहाटेचा रियाज सोडा आणि आठवड्यातून एकदा कुणाकडे तरी जा. घरी रोज वीस मिनिटं पुरेत: तीनतालाचा ठेका, एकच कायदा, म्हणजे बोलांची एक बांधीव रचना, तिचे चार पलटे, म्हणजे फेरबदल, संथ लयीत. मुलगी झोपली असेल तर खाली जाड सतरंजी घाला आणि दाया-बायावर सुती रुमाल पसरा. नाद दबतो, बोटांना वळण राहतं. जागी असेल तर मांडीजवळ बसवा. आधी मात्र पुडी दाखवून आणा, पावसाळा संपायची वाट पाहू नका.